विश्लेषण : पारोचा रॉबर्ट गिल सगळ्यांना माहीत, पण अजिंठ्याचा उजेड काचेवर पकडणारा गिल कोण होता?

लासूर स्टेशन : मोबाइलच्या पाठीमागे दोन-दोन, तीन-तीन कॅमेरे कशासाठी असतात, हा प्रश्न नवा फोन घेताना बहुतेकांना पडतो. उत्तराचा एक भाग सोपा आहे. दोन भिंगे एकच दृश्य थोड्या वेगळ्या जागेवरून पाहतात. दोन्ही चित्रांतला बारीक फरक मोजून कोणती वस्तू जवळ आणि कोणती लांब, हे फोन ओळखतो. पोर्ट्रेट मोडमध्ये माणूस स्पष्ट आणि मागचे झाड धूसर दिसते, ते त्यामुळेच.

दोन भिंगांची हीच युक्ती सोबत घेऊन एक माणूस सुमारे १६० वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या डोंगरांत फिरत होता. त्याचे नाव मेजर रॉबर्ट गिल. अजिंठा म्हटले की पारो आणि गिल ही जोडी आठवते. ना. धों. महानोर यांचे 'अजिंठा' हे दीर्घकाव्य आणि त्यावरचा नितीन चंद्रकांत देसाई यांचा २०१२ मधला चित्रपट यामुळे ती गोष्ट घरोघरी पोहोचली. त्या गोष्टीतला गिल हातात ब्रश घेऊन उभा असतो. कॅमेरा घेतलेला गिल मात्र फारसा कुणाला माहीत नाही. गंमत म्हणजे त्याच्या ब्रशचे काम बहुतेक सगळे जळून गेले आणि कॅमेऱ्याचे काम उरले.

लासूर स्टेशन परिसरातून सुट्टीच्या दिवशी वेरूळला जाणारे कमी नाहीत. परत येताना प्रत्येकाच्या फोनमध्ये कैलास लेण्याचे वीस-पंचवीस फोटो असतात आणि त्यातले निम्मे एकतर काळे नाहीतर पांढरेफटक आलेले असतात. अंधार, दगड आणि ऊन यांचा मेळ घालणे इतके अवघड का, हे गिलच्या कामातून फार छान समजते.

कोण होता रॉबर्ट गिल?

गिलचा जन्म १८०४ चा, लंडनचा. विशी ओलांडण्याआधीच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत भरती झाला. नोकरी शिपाईगिरीची, पण चित्रकलेत हात चांगला होता. त्या काळी फौजेतल्या अधिकाऱ्यांना नकाशे आणि रेखाटने यावी लागत, त्यामुळे चित्र काढणारा कॅप्टन ही काही नवलाची गोष्ट नव्हती. गिल मात्र हौशी चित्रकाराच्या पुष्कळ पुढे गेलेला होता.

अजिंठ्याची लेणी बाहेरच्या जगाला कळली १८१९ मध्ये. शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. ऐतिहासिक वास्तूंवर नावे कोरणाऱ्यांचा तो मूळपुरुषच म्हणायचा! पुढे जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या अभ्यासकाने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत लेण्यांवर निबंध वाचला. ही चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असा आग्रह सोसायटीने कंपनीकडे धरला. त्या कामावर १८४४ मध्ये गिलची नेमणूक झाली. तेव्हा त्याचे वय ४० होते.

अजिंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. गिलने अजिंठा गावातल्या बारादरीत मुक्काम केला आणि लेण्यांत ये-जा सुरू केली. काम दोन-चार वर्षांत उरकेल असे वरिष्ठांना वाटले असावे. ते १८६३ पर्यंत, म्हणजे तब्बल १९ वर्षे चालले. गिल स्वतः तर मरेपर्यंत, पुढची ३५ वर्षे याच मुलखात राहिला. शिकारी म्हणूनही त्याचा मोठा दबदबा होता. पारो ही स्थानिक तरुणी त्याच्या आयुष्यात आली ती इथेच. २३ मे १८५६ रोजी ती वारली. अजिंठा गावात तिची कबर आहे आणि गिलने त्यावर तिचे नाव कोरून घेतले आहे.

कॅमेरा हातात कसा आला?

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला, तेव्हा गिल मद्रास फौजेत होता. भारतात हे तंत्र फार वेगाने पोहोचले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार होते. कंपनी सरकारच्याही लक्षात आले की, जुन्या वास्तूंची नोंद करायला चित्रकारापेक्षा कॅमेरा स्वस्त आणि वेगवान पडतो. चित्रकाराला एक दालन रंगवायला काही महिने लागतात, कॅमेरा तेच काम अर्ध्या दिवसात करतो.

१८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात गिल कॅमेऱ्याकडे वळला. पन्नाशी उलटल्यावर पूर्णपणे नवे तंत्र शिकायचे, तेही जवळ कुणी शिकवणारा नसताना, ही साधी गोष्ट नाही. त्याने निवडला तो स्टिरिओ कॅमेरा. या पेटीला शेजारी-शेजारी दोन भिंगे असतात. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, भिंगांमधले अंतर त्याच बेताचे. एकाच वेळी दोन छायाचित्रे निघतात. ती पुठ्ठ्यावर शेजारी चिकटवून स्टिरिओस्कोप नावाच्या दुर्बिणीसारख्या उपकरणातून पाहिली की, डावा डोळा डावे चित्र पाहतो, उजवा डोळा उजवे. मेंदू दोन्ही एकत्र करतो आणि सपाट कागदावरचा खांब अचानक खांबासारखा पुढे येतो.

लेण्यांसाठी ही निवड अचूक होती. लेणे म्हणजे बांधलेली इमारत नव्हे, डोंगरातून कोरून काढलेली पोकळी. साध्या फोटोत ती काळ्या भोकासारखी दिसते. स्टिरिओमध्ये तिची खोली दिसते. पुढचा खांब, त्यामागचा खांब, त्यामागची मूर्ती अशी एकामागून एक रांग उलगडत जाते. चुलीपुढे हात शेकावेत तसे लंडनमधले लोक दिवाणखान्यात बसून, उपकरण डोळ्याला लावून अजिंठ्याच्या आत जाऊन येत.

काच ओली असेपर्यंतच वेळ

आता मुख्य भाग. गिलच्या काळी रूढ असलेली पद्धत म्हणजे ओल्या कलोडियनची. ती १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने जाहीर केली होती. केमिस्ट्री कंटाळवाणी वाटते त्यांनीही हा भाग सोडू नये, कारण सगळी कसरत इथेच आहे.

आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की मधासारखे दाट, चिकट द्रावण होते. तेच कलोडियन. त्यात आयोडाइडचे क्षार मिसळायचे. स्वच्छ काचेवर हे द्रावण ओतायचे आणि काच चारही कोपऱ्यांकडे तिरपी करत सगळीकडे एकसारखा थर पसरवायचा. तव्यावर धिरड्याचे पीठ पसरवताना जी हातचलाखी लागते तीच इथे, फक्त पळी न वापरता. मग अंधाऱ्या तंबूत जाऊन ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. आता ती उजेडाला संवेदनशील झाली. ओली असतानाच तिला कॅमेऱ्यात बसवायचे, फोटो घ्यायचा, पळत तंबूत परत यायचे आणि ती वाळण्याआधी दुसऱ्या रसायनाने चित्र उमटवायचे. थर वाळला की खेळ संपला. या सगळ्याला साधारण १० ते १५ मिनिटे मिळत.

ही वेळ इंग्लंडच्या थंड हवेतली. इथर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो. म्हणजे उन्हाळ्यात बाटलीचे बूच उघडले की द्रावणातले इथर उडायलाच लागणार. थर ओतता ओतता सुकणार, त्यावर धूळ बसणार. बंद काळ्या तंबूत इथरच्या वाफा, घाम आणि अंधार. हातावर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग पडत ते वेगळेच, आणि ते दिवसेंदिवस जात नसत.

शिवाय पाणी लागे ते भरपूर. काच धुवायला स्वच्छ पाणी हवे, नाहीतर उरलेली रसायने पुढे चित्र खराब करतात. अजिंठ्याला खाली वाघूर नदी आहे, पण लेणी उभ्या कड्यात वर. आज तिकीटघरापासून लेण्यांपर्यंत पायऱ्या आणि वाट आहे. तेव्हा काचांची पेटी, रसायनांच्या बाटल्या, तिवई, तंबू आणि पाणी हे सगळे माणसांच्या डोक्याखांद्यावरून चढवावे लागे. पुस्तकावर नाव गिलचे आले. ओझे वाहणाऱ्या आसपासच्या गावकऱ्यांचे नाव कुठेच नाही. हा त्या काळाचा शिरस्ता होता, पण आज वाचताना तो खटकतो.

उजेडाचा हिशोब

फोटोग्राफीत एक जुना ठोकताळा आहे. लख्ख उन्हात, भिंगाचे छिद्र बरेच लहान म्हणजे एफ-१६ वर ठेवले, तर शटरचा वेळ एक भागिले आयएसओ इतका ठेवायचा. आयएसओ म्हणजे फिल्म किंवा सेन्सर उजेडाला किती चटकन प्रतिसाद देतो, त्याचे माप. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो.

ओल्या कलोडियनची संवेदनशीलता आजच्या मापात आयएसओ १ च्या आसपास धरतात. म्हणजे भर उन्हातला दगड टिपायलाही साधारण एक सेकंद. आता लेण्यात शिरा. दाराजवळ उजेड निम्म्याच्या निम्मा होतो, आत गेलात की बाहेरच्या हजाराव्या भागावर येतो. डोळ्यांना ते तितके जाणवत नाही, कारण डोळे जुळवून घेतात. काच जुळवून घेत नाही. तिला हजारपट वेळ हवा. हजार सेकंद म्हणजे जवळपास १७ मिनिटे. आणि काच ओली राहणार १५ मिनिटे, तीही थंड हवेत!

हा हिशोब ढोबळ आहे. भिंगाचे छिद्र मोठे केले की वेळ बराच कमी होतो, पण मग जवळचे आणि लांबचे दोन्ही स्पष्ट येत नाही आणि स्टिरिओची मजाच जाते. अडचण कुठे होती, ते मात्र यातून कळते. म्हणूनच लेण्यांचे दर्शनी भाग, ओसरीतले खांब आणि मोठ्या कमानीच्या खिडकीतून भरपूर उजेड घेणारे चैत्य हे या तंत्राला मानवणारे विषय होते. एकोणिसाव्या लेण्याची दर्शनी भिंत घ्या. वर पिंपळपानासारखी भव्य कमान, तिच्या दोन्ही बाजूंना यक्ष, भोवती लहान-लहान बुद्धमूर्तींच्या ओळी. कॅमेऱ्यासाठीच कोरली आहे असे वाटावे. याउलट विहारांच्या पार आतली अंधारी गर्भगृहे हा कॅमेऱ्याचा सर्वात कठीण पेपर.

आरसा किंवा पांढरे कापड दाराशी धरून सूर्याचा उजेड आत वळवणे, ही लेण्यांतली जुनी युक्ती. विजेचे दिवे येईपर्यंत पर्यटकांना चित्रे दाखवायला हीच युक्ती वापरली जाई. मोबाइलवाल्यांनाही ती कामाची आहे. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे, पण सोबत्याच्या पांढऱ्या शर्टवरून परतणारा उजेडही चेहऱ्यावरची सावली बरीच मऊ करतो.

दगडाचा पोत केव्हा दिसतो?

आपले डोंगर लाव्हाच्या थरांचे, काळ्या बेसॉल्टचे. हा दगड उजेड गिळतो. समोरून ऊन पडले तर मूर्ती सपाट दिसते, नाक आणि गाल एकाच पातळीवर आल्यासारखे. ऊन बाजूने, तिरपे घासून जाऊ लागले की छिन्नीचा एकेक घाव वेगळा दिसतो. प्रत्येक उंचवट्यामागे सावली पडते आणि पोत म्हणजे दुसरे काही नसते, त्या बारीक सावल्याच असतात.

वेरूळला हे सहज पडताळता येते. तिथला कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी लेणी सावलीत असतात आणि दुपारनंतर ऊन आत शिरू लागते. दहाव्या लेण्यात दरवर्षी १० मार्चच्या सुमारास मावळतीकडचे किरण थेट बुद्धमूर्तीवर पोहोचतात, तो किरणोत्सव पाहायला गर्दी होते. त्यामागचे कारणही हेच, पश्चिमेचे तोंड. कैलास लेण्यात मात्र थोडे थांबून विचार करावा लागतो. भर दुपारी ऊन वरून थेट खड्ड्यात पडते, वरचे कळस पांढरे आणि खालचे हत्ती काळे. सकाळच्या सावलीत सगळीकडे सारखा मऊ उजेड असतो, तेव्हा पूर्ण मंदिराचा फोटो चांगला येतो. आणि चारनंतर पश्चिमेचे ऊन मंदिराच्या उत्तर-दक्षिण भिंतींना घासत जाते, ती वेळ शिल्पांच्या जवळच्या फोटोंची. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, एवढे मात्र लक्षात ठेवून निघा.

गिलकडे या बाबतीत आपल्यापेक्षा मोठा फायदा होता, तो म्हणजे मुक्काम. आपण दोन तासांत लेणी 'करून' येतो. त्याने वर्षानुवर्षे त्याच दगडावर सकाळ-संध्याकाळ, पावसाळा-उन्हाळा पाहिला होता. अजिंठ्याची लेणी घोड्याच्या नालेसारख्या वळणात आहेत, त्यामुळे प्रत्येक लेण्याचे तोंड वेगळ्या दिशेला. एका लेण्यात ऊन असते तेव्हा समोरच्यात सावली. कुठल्या दाराशी कुठल्या महिन्यात किती वाजता ऊन येते, याचे वेळापत्रक चित्रे रंगवण्याच्या वर्षांत त्याच्या अंगवळणी पडले नसेल तरच नवल. मला तर वाटते, त्याच्या छायाचित्रांचे खरे भांडवल कॅमेरा नसून ही वर्षे होती.

आभाळ पांढरे, झाडे काळी

जुन्या छायाचित्रांत आभाळ नेहमी कोरे पांढरे दिसते, ढगाचा मागमूस नसतो. ढग नव्हते असे नाही. कलोडियनला निळा आणि जांभळा उजेड खूप जाणवतो, हिरवा कमी, पिवळा-तांबडा जवळपास नाहीच. निळे आभाळ त्यामुळे काचेवर जळून पांढरे होते आणि हिरवी झाडी काळपट येते. त्यातच वारा सुटला की पानांचा नुसता धूर दिसतो. वाहत्या पाण्याचेही तसेच. पावसाळ्यात वाघूरच्या सातकुंडावरून कोसळणाऱ्या धारेसारखे दृश्य अशा काचेवर दुधाच्या पडद्यासारखे येणार. आज मोबाइलवर 'लाँग एक्स्पोजर' लावून मुद्दाम जो मऊ धबधबा काढतात, तो त्या काळी नाइलाजाने मिळत असे.

जिवंत प्राण्याचा फोटो तर अशक्यच. १८६४ मध्ये लंडनला गिलच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली आणि दोन्हींचा मजकूर फर्ग्युसनने लिहिला. एकात लेण्यांची ७४ छायाचित्रे होती. दुसऱ्यात पश्चिम भारतातल्या वास्तू आणि निसर्गसृष्टीची १०० स्टिरिओ छायाचित्रे होती. या निसर्गसृष्टीत जनावरे आहेत, पण शिकार केलेली. एक सेकंद स्थिर बसणारा वाघ मेलेलाच असायचा. आजच्या वन्यजीव छायाचित्रकाराला हे पाहून कसेसेच होईल. तरी त्या काळी या डोंगरांत कोणती जनावरे होती, याचा तो कागदावरचा पुरावा आहे, हेही खरे.

मग अजिंठ्याचे रंग का नाही आले?

गिलच्या आयुष्याचा पेच इथे आहे. अजिंठ्याच्या चित्रांत सर्वात जास्त काय आहे? गेरूचा तांबडा, पिवळी माती, तपकिरी, हिरवी माती, काजळी आणि मधूनच निळा. कलोडियनला जे रंग दिसत नाहीत, नेमके तेच. पद्मपाणीची सोनेरी-तांबूस कांती या काचेवर काळवंडून गेली असती. त्यात चित्रे मुख्यतः १, २, १६ आणि १७ या विहारांच्या आतल्या भिंतींवर आणि छतांवर, म्हणजे अंधारात. दोन्ही बाजूंनी कोंडी.

म्हणून कामाची वाटणी आपोआप झाली. दगड कॅमेऱ्याकडे, रंग ब्रशकडे. मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात केलेल्या सुमारे ३० नकला गिलने टप्प्याटप्प्याने लंडनला पाठवल्या. त्यातल्या बऱ्याचशा लंडनजवळच्या सिडनहॅम इथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांसाठी लावल्या गेल्या. लोखंड आणि काचेचा तो प्रचंड महाल. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्याच्या उत्तर भागाला आग लागली आणि गिलच्या चित्रांची राख झाली. १९ वर्षांच्या कामातली बोटावर मोजण्याइतकी चित्रे वाचली.

आजच्या भाषेत सांगायचे तर बॅकअप नव्हता. त्या तैलचित्रांचे त्याच आकारातले, त्याच रंगातले दुसरे काही कुठेच नव्हते. गिल तेव्हा ६२ वर्षांचा होता आणि हजारो किलोमीटर दूर अजिंठ्यात. लेण्यांतली मूळ चित्रे तर वर्षागणिक झडत होती. पाणी झिरपत होते, वटवाघळे होती, हौशी पाहुणे चित्राचा तुकडा खरवडून नेत होते. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या नकलाकारांनी रंग उजळ दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर चढवलेले वार्निश पुढे पिवळे पडले. म्हणजे १८४४ मध्ये गिलने भिंतीवर जे पाहिले, त्यातले काही भिंतीवरही राहिले नाही आणि कॅनव्हासवरही नाही. हे नुकसान कशानेच भरून येणारे नाही.

गोष्ट इथेही थांबली नाही. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या भारतीय विद्यार्थ्यांनी नव्याने नकला केल्या. १३ वर्षे काम चालले. ती चित्रेही लंडनला गेली आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत त्यातली शंभरावर जळाली. एकाच लेण्यांच्या नकला एकाच शहरात दोनदा जळाव्यात, याला काय म्हणावे?

रंग अखेर कॅमेऱ्यात आले, पण विसाव्या शतकात. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार खंड काढले. त्यातली रंगीत चित्रे छायाचित्रांवरून छापलेली होती. तांबड्या-पिवळ्या उजेडाला प्रतिसाद देणारी रसायने आणि रंग वेगवेगळे टिपण्याची पद्धत तोवर आली होती. काचाही आता कोरड्या, आधीच तयार मिळत. हा बदल खरे तर गिलच्या मृत्यूच्या सुमारासच सुरू झाला. वेरूळ आणि दौलताबादची १८८० नंतरची सुंदर छायाचित्रे काढणारे, निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांना त्याचा फायदा मिळाला. दीनदयाळांचा जन्म १८४४ चा, म्हणजे गिल अजिंठ्याला आला त्याच वर्षीचा. एका पिढीचे अंतर, पण तंत्राच्या हिशोबाने दोन वेगळी जगे.

शेवटची वर्षे

लेण्यांचे काम संपल्यावरही गिलने कॅमेरा ठेवला नाही. वऱ्हाडातल्या जुन्या वास्तूंची छायाचित्रे त्याने या काळात काढली. लोणारसारख्या ठिकाणची मंदिरे आज दुरुस्ती होऊन, आजूबाजूला वस्ती वाढून बरीच बदलली आहेत. त्यांचे जुने रूप कसे होते हे पाहायला अभ्यासक अजूनही अशा छायाचित्रांकडे जातात. कोणता खांब तेव्हा उभा होता, कोणती कमान आधीच ढासळलेली होती, हे काचेवर स्पष्ट दिसते. चित्रकार नकळत एखादी रेघ सुधारतो, काचेला ती सोय नाही.

आपल्या भागात तेव्हा रेल्वे नव्हती. मनमाडकडून येणारी आणि लासूरला 'स्टेशन' हे आडनाव देणारी निजामाची गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली. गिलच्या वेळी जवळची रेल्वे म्हणजे खानदेशातून भुसावळकडे जाणारी. १८७९ च्या एप्रिलमध्ये, ऐन उन्हाळ्यात, आजारी गिल अजिंठ्याहून भुसावळकडे निघाला. १० एप्रिलला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर भुसावळला आहे. पारोची अजिंठा गावात.

वाचलेली तैलचित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, छायाचित्रे ब्रिटिश लायब्ररीत. १८६४ च्या पुस्तकांच्या डिजिटल प्रती इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्यातली शेजारी-शेजारी छापलेली दोन चित्रे मोबाइलच्या स्क्रीनवर आडवी उघडा, साध्या पुठ्ठ्याच्या व्हीआर चष्म्यात फोन बसवा आणि दोन्ही चित्रे प्रत्येक डोळ्यासमोर एक येतील अशी जुळवा. क्षणभर डोळे गोंधळतात. मग पुढचा खांब सुटा होतो, त्यामागची ओसरी खोल जाते आणि बाजूने आलेल्या १८६० च्या दशकातल्या उन्हात छिन्नीचे घाव दिसू लागतात.